गाळलेली ओळ

आत्याबाई,

गेल्या महिन्यात मी उदगीरला जाऊन कान तपासून आले. काचेच्या एका खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन घातला आणि तपासणारी पोरगी म्हणाली, "आजी, आवाज आला की बोट वर करायचं." मी बसले बोट घेऊन. कितीतरी वेळ काही ऐकूच येईना, म्हणून मीच अधूनमधून अंदाजानं बोट वर करत होते, उत्तर येत नसलं तरी पोरं वर्गात हात वर करतात तसं. ती काचेपलीकडून हसायला लागली. शेवटी कागद हातात आला, डावा कान निम्मा गेलाय आणि उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. आता मशीन घातलंय. गावात बायका म्हणतात, सासूचं बहिरेपण सुनेला लागलं बगा. रक्ताचं नातं ना काही, पण दुखणं म्हणे सासूकडून आलं. त्या हसतात, मीही हसते. परतीच्या एसटीत मात्र एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. तुम्हाला कधी त्या काचेच्या खोलीत बसवलं असतं तर तुमचं बोट प्रत्येक आवाजाला वर गेलं असतं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं म्हणते आणि रोज काहीतरी काम काढून बसते.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. हे गेले त्यालाही सहा होतील. पोरगा पुण्यात, दिवाळीला दोन दिवस येतो. नातू फोनवर बोलतो त्यातलं मला निम्मं कळत नाही, मी आपली हो हो म्हणत राहते. सून चांगली आहे. नवऱ्याला नावानं हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला तांब्या सुटायचा राहिला होता. आता वाटतं, त्या दिवशी पंचायतीत माझ्या जागी ती असती तर पुढचं काहीच झालं नसतं. घर मोठं आहे आणि बोलायला कुणी नाही. मशीन घातल्यापासून तर माझीच चप्पल मला मोठ्यानं वाजते, दचकून मागं बघते की कोण आलं. कुणी आलेलं नसतं.

पंचायतीत बायकांची जागा सुटली तेव्हा तुम्हाला उभं करणारे धाकटे मामंजीच, तुमचे सख्खे दीर. उपसरपंच होते ते. त्यांचा हिशेब साधा होता. वैनी अडाणी, दाखवू तिथं अंगठा देईल. पहिल्याच सभेला ग्रामसेवकानं ते ठराव लिहायचं प्रोसिडिंगचं जाडजूड पुस्तक पुढं सरकवलं, शाईची डबी उघडली, आणि तुम्ही हात पदराखाली घेतलात. "आधी वाच," म्हणालात. तो म्हणाला, "मावशी, नेहमीचंच हाय." तुम्ही म्हणालात, "नेहमीचं हाय तर बरंच झालं, लवकर वाचून होईल." त्यानं वाचलं. मग तुम्ही म्हणालात, "आता माझी सून वाचंल. दोन तोंडांनी सारखं निघालं तरच अंगठा." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेलात. मी दहावी पास, लग्नाला चार वर्षं झालेली, कपाळापर्यंत पदर, दाराच्या चौकटीला टेकून बसले आणि वाचलं. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत, आणि अंगठ्याच्या वर जी रिकामी जागा होती तिथं ग्रामसेवकाला पेनानं आडवी रेघ मारायला लावलीत. "हितं नंतर काय बी शिरल," म्हणालात. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला हे कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

तुमच्याकडून शिकले ते सगळं चुलीपुढं शिकले. भाकरी थापत तुम्ही सांगायच्या आणि मी जाळ सारत ऐकायचे. दवंडी चावडीपुढं देतात, ती बायकांपर्यंत पोचत नाही, म्हणून सभेच्या आदल्या दिवशी गिरणीत जाऊन बसायचं, दळण घेऊन प्रत्येक घरची बाई तिथं येतेच. सभेत गेल्यावर मागं पायरीवर टेकायचं नाही, पुढं सतरंजीवर बसायचं, नाहीतर आलेल्यांत धरत नाहीत. एका अर्जात एकच मागणं. दोन मागितली तर साहेब सोपं ते देतो आणि अवघड ते आपण मागितलंच नव्हतं असं होतं. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तहकूब सभा. माणसं कमी भरली की ग्रामसभा तहकूब करतात, आणि पुढच्या तारखेला ती घेतात तेव्हा किती माणसं आहेत ते कुणी मोजत नाही. चार जणांत मंजूर होतं. "खरी सभा ती असती," तुम्ही म्हणायच्या, "पहिलीला कुणी बी जाईल. दुसरीला जाते ती शहाणी." तुम्ही हे म्हणताना भाकरी उलटायच्या, आणि एकदाही करपली नाही.

मग ते संडासाचं आलं. बायकांना पहाटे अंधारात बाभळीआड जावं लागायचं, पोटुशा बायका, म्हाताऱ्या, ताप आलेल्या पोरी, सगळ्या. शाळेमागं गावठाणाची पडीक जागा होती, घरांपासून चार पावलांवर. तिथं बायकांसाठी संडास बांधा, हे एकच मागणं घेऊन तुम्ही दीड वर्ष पंचायतीत जात होता. धाकट्या मामंजींच्या बैलांची दावण त्या जागेला लागून होती आणि कडब्याची गंजी हळूहळू तिच्यात सरकत चालली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी शेवटी ठराव आला. तुम्ही त्या दिवशी नवं लुगडं नेसून गेलात.

तो दिवस मला आजही दिसतो. दुपारची वेळ, पंचायतीच्या खोलीत पंख्याचा खडखडाट. मामंजी खुर्चीवर, माझ्या बरोबर समोर. ग्रामसेवक वाचतो, 'महिलांसाठी सार्वजनिक संडास बांधण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे,' आणि पुढं खर्चाचं, देखरेखीचं. मग पुस्तक माझ्याकडं येतं. मी वाचायला लागते. दोन ओळी जातात. तिसरी ओळ ग्रामसेवकानं वाचलेलीच नाही. 'शाळेमागील गावठाणाची जागा श्री अमुक यांच्या वहिवाटीत असल्याने सदर बांधकाम ओढ्यापलीकडील जागेत करण्यात यावे.' अमुक म्हणजे धाकटे मामंजी. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एका ओळीत माझा चुलत सासरा आणि आजेसासरा दोघं बसलेले, आणि त्यातले एक समोर खुर्चीवर. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आपली रीत. रेशनच्या दुकानातही मी ह्यांचं नाव पोराकडून सांगवायचे. मामंजी खाकरले. ग्रामसेवक म्हणाला, "वाचा की ताई पुढं." मी बोट एक ओळ खाली सरकवलं, आणि चौथी ओळ वाचली. दोन तोंडांनी सारखं निघालं. तुम्ही अंगठा दिलात.

'मामंजी' म्हणून ती ओळ वाचता आली असती. किंवा 'यांच्या, यांच्या' असं तुटक तरी. बोट ठेवून थांबता आलं असतं. हे सगळं मला घरी येताना वाटेतच सुचलं. रीत आडवी आली, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण आत्याबाई, ती ओळ मी मनात पूर्ण वाचली होती. तिचा अर्थही कळला होता. नाव घ्यायची लाज होती, आणि त्या लाजेच्या आड त्या माणसाची भीती होती. आमची जमीन तेव्हा त्यांच्या सामाईकात होती आणि हे त्यांच्यापुढं मान वर करत नव्हते. मला गप्प बसायला निमित्त हवं होतं, ते रीतीनं दिलं.

महिनाभरानं शाळेमागच्या जागेला काट्याचं कुंपण पडलं. संडास ओढ्यापलीकडं बांधले, तिथं एवढ्या लांब कोण जाणार, दोन पावसाळ्यांत त्यांच्यात शेळ्या बसायला लागल्या. बायका दारात आल्या. तुम्ही त्यांना घेऊन पंचायतीत गेलात, ग्रामसेवकानं पुस्तक उघडून दाखवलं आणि म्हणाला, "मीबी वाचलं, तुमच्या सुनंनंबी वाचलं. अंगठा तर तुमचाच हाय की मावशी." बायकांतलीच एक म्हणाली, "दिराला जागा दिली आन् आमाला ओढा दाखवला." तुम्ही घरी आलात, पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "वाचलीस का गं तू ती ओळ?"

मी जाळ सारत होते. म्हणाले, "वाचली की आत्याबाई. तुमाला ऐकू आलं नसंल."

तुम्ही भाकरी उलटली. "असंल," म्हणालात. "वय झालं आता." एवढंच. रागावला असता, थापड मारली असती, तरी मी हलके झाले असते. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःला बहिरं ठरवलंत. कुणी बोलायला लागलं की मान तिरपी करून कानामागं हात धरायच्या, "जरा मोठ्यानं बोल बाई, मला कमी येतं." गल्ली तुमच्या कानाशी ओरडायला लागली. आणि एसटीचा आवाज घरात सगळ्यांत आधी तुम्हालाच यायचा, पार फाट्यावरून. "गाडी आली," म्हणायच्या, आणि मग हात तसाच थांबायचा, काहीतरी चुकल्यासारखा. एकदा असं झालं आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. नुसतं बघितलंत. मी पाणी आणायला उठले.

त्यानंतरच्या सभांना तुम्ही एक नवी गोष्ट सुरू केलीत. ठराव वाचायच्या आधी ग्रामसेवकाला विचारायच्या, "किती ओळी हायत?" तो म्हणायचा, आठ. मग मी वाचत असताना तुम्ही एकेका ओळीला एकेक बोट मिटायच्या. आठ बोटं मिटली तरच अंगठा. मी तेव्हा मनाला समजावलं, म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून बोटांवर भरवसा ठेवते. पण ज्याचे कान गेले तो ऐकायचं साधन शोधंल, ओळी कशाला मोजंल? तुम्ही ओळखलं होतं का? ओळखून मला गावापुढं उघडं पाडलं नाहीत, स्वतःच बहिऱ्या झालात, असं आहे का? हे विचारायला माझ्याकडं बारा वर्षं होती. बारा वर्षं मी तुमच्याशी मोठ्यानं बोलत राहिले.

मुदत संपली तेव्हा लोक म्हणाले, पुन्हा उभ्या राहा. तुम्ही शाईची ती डबी माझ्या हातात दिलीत. "आता तू ऱ्हा उभी," म्हणालात. "तुजे कान चांगले हायेत." ते टोचून बोलणं होतं की विश्वास, हे मला आजवर कळलेलं नाही. मी दोनदा निवडून आले. गिरणीत बसले, शिक्के घेतले, आडव्या रेघा मारल्या, एकही ठराव न वाचता सही केली नाही. लोक म्हणतात, सासूनं तयार केलेली सून. घरोघरी संडास आले, तो प्रश्न मिटला. शाळेमागची जागा मात्र मी कधी काढली नाही. ते पुस्तक उघडलं असतं तर ती ओळ निघाली असती, म्हणून माझ्या दोन्ही मुदतींत ते कपाटातच राहिलं. डबी अजून आहे, शाई वाळून गेली.

आता ती जागा आपोआप पुढं आलीय. मामंजी गेले, त्यांच्या पोरांना अतिक्रमण नियमात बसवून सातबाऱ्यासारखं पक्कं करून हवंय. इकडं अंगणवाडीला इमारत मंजूर आहे आणि जागा नाही, लेकरं मारुतीच्या पारावर बसतात. सरपंच आता एक तरुण पोरगी आहे, शिकलेली, माझ्याकडं येते, काकू काकू करते. तिच्यासाठी मी माहितीच्या अधिकारात त्या जुन्या ठरावाची नक्कल काढली. गेल्या आठवड्यात ग्रामसभेत उभी राहिले आणि तिसरी ओळ मोठ्यानं वाचली, धाकट्या मामंजींच्या नावासकट. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं होतं काहीतरी होईल. कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, नावं घ्यायची रीत आता कुणाला आठवत नाही. मी म्हणाले, ही ओळ सभेत वाचलीच गेली नव्हती. तर मामंजींचा मुलगा उठला. तसा गरीब स्वभावाचा आहे, सणाला पाया पडायला येतो. म्हणाला, "वैनी, थोरल्या आईनं अंगठा दिलेला हाय. तिला ऐकू येत नव्हतं, समद्या गावाला ठावं हाय. त्याला आमी काय करावं?" लोक हसले, वाईट नाही, मायेनंच, तुमच्या कानामागच्या हाताची आठवण येऊन. सरपंच पोरीनं मला विचारलं, "काकू, तसंच होतं का?"

मी मान हलवली. हो म्हणून. नक्कल हातात, मशीन कानात, आणि मी मान हलवली.

मग मोजलं तर माणसं कमी भरली. सभा तहकूब. उद्या सकाळी दहाला आहे, आणि उद्या कुणी मोजणार नाही. पोरगी म्हणते, त्या वेळी हजर असलेल्या कुणी लेखी दिलं की ती ओळ वाचली गेली नव्हती, तर हरकत नोंदवता येईल. त्या खोलीतलं आता कोण उरलंय? ग्रामसेवक गेला, मामंजी गेले, पंच गेले. मी उरलेय. काल तुमच्यासारखी घरोघर सांगायला निघाले होते. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली. दारं लावलेली, आत टीव्ही. एक सून म्हणाली, "काकू, ग्रुपवर टाका ना." टाकलं ग्रुपवर. अकरा अंगठे आले. उद्या त्यातली दोन माणसं आली तरी मी देव पावला म्हणेन.

सभेत द्यायचा कागद मी वेगळा लिहिला आहे. सात ओळींचा. एकच मागणं, दुसरी प्रत शिक्क्यासाठी. चौथ्या ओळीत लिहिलंय, माझ्या सासूला नीट ऐकू येत होते, ओळ मी वाचली नाही, आणि विचारल्यावर खोटे बोलले. हे लिहून गावात काय होईल ते मला माहीत आहे. तीस वर्षं शिक्के न् रेघा शिकवणारी बाई स्वतःच एक ओळ गिळून बसली होती, असं पोरी म्हणतील, आणि खरंच आहे ते. पाया पडायला येणारा एक चुलत दीर होता, तोही येणार नाही. ते चालेल. तुमचं बहिरेपण तेवढं पुसलं गेलं पाहिजे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, शाईच्या डबीखाली ठेवीन. मघाशी तो सात ओळींचा कागद उद्यासाठी एकदा मोठ्यानं वाचून बघितला. घरात मी एकटी, समोर कुणी नाही. तुमच्यासारखी एकेका ओळीला बोट मिटत वाचलं. खरं सांगते आत्याबाई, वाचून झालं तेव्हा बोटं सहाच मिटली होती.